सवतीचं कुलूप

माझ्या सवतीला मी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. ती कुठल्या देशात राहते, तिला मुलंबाळं आहेत का, हे मला माहीत नाही. पण ती कधी चिडलेली असते, कधी घाईत असते आणि कधी मजेत असते, हे मला माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून गेली कित्येक वर्षं कळत आलेलं आहे. आणि मी कधी चिडलेली असते हे त्याला माझ्या तोंडावरूनसुद्धा कळत नाही, भांडं आपटावं लागतं.

माझा नवरा गेमची मशीनं दुरुस्त करतो. गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणतात. इस्त्रीच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आमची लांबट खोली आहे. पुढच्या अर्ध्यात दुकान आणि मागच्या अर्ध्यात घर. मधला पडदा कायम बाजूला सरकवलेला असतो, कारण त्याचे स्क्रू घरंगळत स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि माझ्या हाका घरंगळत दुकानापर्यंत जातात. स्क्रू सापडतात. हाकांचं सांगता येत नाही.

त्याचा हात थरथरायला लागल्यापासून बारीक सोल्डरिंग मी करते. आधी मी शिवणकाम करायची, त्यामुळे बारीक कामाला डोळा आणि हात तयार होता. मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक तार जोडणं आणि जाड कापडाला हातशिलाई घालणं यात तसा फरक नाही, दोन्हीकडे श्वास रोखावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "डॉक्टर, काय हात आहे तुमचा!" आणि डॉक्टर म्हणतो, "बायकोचा आहे." एवढं मात्र तो प्रामाणिकपणे सांगतो. लबाडी त्याला जमतच नाही. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

आता सवत. गेमचं मशीन दिसायला खेळणं, पण आत तुरुंगासारखा बंदोबस्त असतो. सुरू केलं की आतला पहिला पहारेकरी दुसऱ्याचं ओळखपत्र तपासतो, दुसरा तिसऱ्याचं, तिसरा गेमचं. ओळखपत्रावर कंपनीचा शिक्का नसला की मशीन तिथेच थांबतं. चोरून छापलेली डिस्क घाला, नाही चालणार. घरी बनवलेला गेम घाला, नाही चालणार. लोकांनी नकली गेम खेळू नयेत, मशीन उघडून त्यात आपल्या मनाचं काही घालू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

वर अपडेट असतात. इंटरनेट लावलं की मशीन आपणहून नवीन अपडेट घेतं, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटबरोबर आतला एक बारीकसा फ्यूज कायमचा जळतो. बसचा कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो ना, तसंच. एकदा भोक पडलं की तेच तिकीट घेऊन मागे जाता येत नाही. जुन्या अपडेटमध्ये एखादी फट सापडली असेल तर ती गेली ती गेलीच.

आणि डिस्कची ड्राइव्ह! तिचं आणि आतल्या बोर्डाचं कारखान्यातच लग्न लावलेलं असतं. हा शब्द माझा नाही, आमच्या धंद्यात असंच म्हणतात. ड्राइव्ह मेली आणि दुसऱ्या मशीनची चांगली ड्राइव्ह आणून बसवली, तर बोर्ड तिला ओळखच दाखवत नाही. दोघांकडे एकच गुप्त खूण असते आणि ती जुळल्याशिवाय संसार सुरू होत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "बघ, बोर्डाकडून शीक काहीतरी." तो हसला नाही. तो म्हणाला, "हे ज्याने केलंय ना, तो फार विचारी माणूस आहे."

तेव्हा तो त्या माणसाला कुलूपवाला म्हणायचा. अपडेट आलं की हा चहा विसरून त्यात डोकं घालायचा आणि मग मला बातम्या द्यायचा. "कुलूपवाला या वेळी घाईत होता." "हे बघ, प्रत्येक गोष्ट तो दोनदा तपासतो, आणि दुसऱ्यांदा उलटीकडून. कोणी मधेच विजेचा झटका देऊन एक तपासणी चुकवली तरी दुसरीत सापडतो." "आज तो मजेत आहे." मी भाजी चिरत हूं हूं करायची. मला वाटायचं, असतात पुरुषांचे असे शौक. कोणी क्रिकेट बघतो, कोणी कबुतरं पाळतो, आमच्याकडे कुलूपवाला.

एकदा एक गिऱ्हाईक तावातावाने जिना चढून आलं. कुठल्याशा पोराकडून त्याने मशीनमध्ये चोरीचा गेम घालून घेतला होता. गेम चालत होता, पण त्यातली गाडी हळूहळू डावीकडे ओढली जायची, आणि डोंगरातल्या शेवटच्या वळणावर पोचली की काहीही करा, दरीत. "मशीन बिघडलंय, डॉक्टर. दुरुस्त करा." माझ्या नवऱ्याने गेम लावून पाहिला आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गेमने ओळखलंय तुम्हाला. चोरी पकडली की तो बंद पडत नाही, तुम्हाला आत घेतो, शेवटपर्यंत नेतो आणि मग ढकलतो." गिऱ्हाईक चिडून गेलं. हा मात्र दिवसभर आठवून आठवून हसत होता. आमच्या लग्नात फोटोवाल्याने हात जोडूनही हा माणूस असा हसला नव्हता.

मग तो व्हिडिओ आला. जुन्या मशीनचं उत्पादन बंद झालं तेव्हा कंपनीने कुठल्याशा परिषदेत सांगायला माणूस पाठवला, की आम्ही कुलूप कसं बनवलं. दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. नवऱ्याने मला हाक मारली, "ये ये, कुलूपवाला बघ!"

पडद्यावर एक बाई होती.

माझ्याच वयाची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्मा एका बाजूला घसरलेला, अंगावर इस्त्री नसलेला शर्ट. दिसायला काही अप्सरा नव्हती, हे मी मनात ताबडतोब नोंदवलं. पण बोलायला लागली आणि माझा नवरा खुर्चीत पुढे सरकला. ती एक वाक्य बोलायची आणि पुढचं वाक्य हा तिच्या आधी पुटपुटायचा. तिने सांगितलं की प्रत्येक गोष्ट ती दोनदा तपासते, दुसऱ्यांदा उलटीकडून, तेव्हा हा माझ्याकडे वळला. असा उजळलेला चेहरा! "बघ! मी म्हणत नव्हतो?"

म्हणत होतास बाबा. वर्षानुवर्षं म्हणत होतास. फक्त तू एका बाईबद्दल म्हणत होतास हे आज कळलं.

कोणी म्हणेल, यात जळण्यासारखं काय आहे? ती तिकडे, हा इकडे, तिला हा माहीतसुद्धा नाही. नणंदेने हेच सांगितलं. म्हणाली, "वहिनी, तुझं आपलं काहीतरीच. भिंतीवर जळतं का कोणी?" पण भिंतीला टक लावून बघणाऱ्या माणसाबरोबर तिला राहावं लागत नाही. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते सौंदर्यावरून नव्हतं, वयावरून नव्हतं. तिने एक ओळ बदलली तर याला कळत होतं. मी केस कापून आले तर याला आठवडा लागत होता. आणि तोही गिऱ्हाइकाने म्हटलं म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

तो व्हिडिओ तो जेवताना लावायचा. मी म्हणाले, "तिलाही एक ताट वाढू का?" तो म्हणाला, "शू, आता ती महत्त्वाचं सांगतेय."

नंतर नवीन मशीन आलं. तेही तिचंच, असं हा म्हणाला. मला पुरावा नको होता, त्याचा चेहरा पुरेसा होता. आणि दोन थंडीचे मोसम त्याच्यावर डोकं फोडून याला त्यात एक फट सापडली. जिथे ड्राइव्ह आणि बोर्ड एकमेकांची खूण पटवतात, तिथे अगदी क्षणभर दुसऱ्या तपासणीच्या आधी विजेचा एक नेमका धक्का दिला, तर दार किलकिलं होत होतं. तार मी जोडली, नेम त्याने धरला. दार उघडलं तेव्हा त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, "सापडलीस!"

मला नाही म्हणाला.

पण मी तेही गिळलं, कारण त्या फटीने दुकान उभं राहिलं. ज्यांच्या ड्राइव्ह मेल्या होत्या आणि ज्यांना कंपनी नवीन मशीन घ्या म्हणत होती, ते आमच्याकडे येऊ लागले. आम्ही नवीन ड्राइव्हचं जुन्या बोर्डाशी लग्न लावून द्यायचो. चोरीचे गेम नाहीत, काही नाही, सरळ दुरुस्ती. गावोगावचे लोक जिन्यावर उभे राहायचे आणि खालचा इस्त्रीवाला रांगेवर कुरकुर करायचा. ज्या मशीनवर फट सापडली त्याला आम्ही दुकानात ब्रह्मचारी म्हणायचो, कारण त्याला इंटरनेटचा स्पर्श होऊ द्यायचा नव्हता. नेटच्या भोकावर मी स्वतः चिकटपट्टी लावली होती. पुढेमागे कंपनीने ही फट बुजवली, तर नवी वाट शोधायला उघडं असं ते एकच मशीन होतं.

मग चिपवाला आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. तो एवढीशी चिप बनवून विकायचा, ती मशीनमध्ये बसवली की वाटेल ते नकली गेम चालतात. त्याला ती फट हवी होती. "डॉक्टर, तुम्ही फक्त जागा दाखवा. महिन्याभरात जगभर चिप जाईल. तुम्हाला आयुष्यभर काम करायला नको."

मी चहा ठेवला. दुधाचा, दाट. खरं सांगायचं तर पैशाचा मला एवढा मोह झाला नाही, जेवढा 'जगभर' या शब्दाचा झाला. जगभर तिचं कुलूप उघडं पडणार. परिषदेत पेन्सिल खोचून बोलणारी बाई तोंड लपवणार. वा!

पण माझा नवरा म्हणाला, "नाही. याने तिची सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"तिची?" मी म्हणाले. चिपवाल्यासमोरच म्हणाले.

"चांगलं काम आहे ते," तो म्हणाला. "असं बाजारात नागवायचं नाही."

चिपवाला अर्धा चहा टाकून गेला. त्या दिवशी मी कढईवर उलथनं इतकं आपटलं की शेजारीण विचारायला आली. आणि आमच्या येडबंबूने काय करावं? त्याने कंपनीला पत्र लिहिलं. फट कुठे आहे, कशी सापडली, कशी बुजवता येईल, सगळं. मी म्हणाले, "अरे, या फटीवर आपली चूल चालते. ज्या फांदीवर बसलायस तीच तोडतोयस!"

"चिपवाला आज ना उद्या शोधेलच," तो म्हणाला. "त्याच्या आधी तिला कळायला हवं."

"तिला कशाला कळायला हवं?"

तो विचारात पडला. मघाशी म्हटलं तसं, लबाडी जमत नाही. "कोणीतरी तिचं काम नीट वाचलंय," तो म्हणाला, "हे कळलं की तिला बरं वाटेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाने माझं काय वाचलं होतं? मी शिवलेल्या ब्लाउजच्या बाह्या, ज्यांची शिलाई बघायला लोक लांबून येत, त्या याने कधी उलटून पाहिल्या होत्या? मी त्याच्यासाठी शिवणकाम सोडून हा धूर नाकात घेतला, ते कोणाचं काम होतं? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

पत्राला उत्तर आलं. खाली सही नव्हती. आपल्या सूचनेबद्दल आभार, योग्य ती दखल घेण्यात येईल. तो ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत राहिला, जणू त्यातही उलटीकडून काही लिहिलेलं असेल. "हे तिने लिहिलेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "ऑफिसातल्या कोणीतरी लिहिलंय. ती अपडेटमधून बोलेल."

पावसाळा सरता सरता अपडेट आलं. गिऱ्हाइकांची मशीनं घरोघरी आपणहून ते पिऊन बसली आणि आमची फट बंद झाली. ड्राइव्ह घेऊन आलेल्या लोकांना आम्ही जिन्यावरूनच परत पाठवू लागलो. इस्त्रीवाल्याला आता जिना मोकळा मिळाला. उरला होता फक्त ब्रह्मचारी. तो जपायचा आणि त्यावर नवी वाट शोधायची, एवढीच आशा होती, आणि ती आशा म्हणजे आमचं दुकान होतं.

त्या दुपारी मी टेबलाशी बसले होते. कोणाच्या तरी मशीनचं टीव्हीची वायर लावायचं भोक उखडलं होतं, तसली साधी कामं तेवढी उरली होती. सोल्डरचा धूर ओढून घेणारा छोटा पंखा घरघरत होता. मान वर केली तर नवरा ब्रह्मचारीच्या मागची चिकटपट्टी नखाने सोलत होता.

"काय करतोस?"

"अपडेट देतोय याला."

मी सोल्डरिंगची कांडी स्टँडमध्ये खोचली. "वेड लागलंय का? फ्यूज जळेल! परत येणार नाही!"

"माहीत आहे." त्याने केबल हातात घेतली होती. "बाकीची मशीनं मुकी आहेत. याची जीभ आपण फटीतून सोडवली होती. अपडेट चढताना हे शेवटचं एकदा बोलेल. पडद्यावर ओळी येतील. तिने ती जागा कशी बुजवली ते दिसेल. नंतर हेही मुकं होईल."

"आणि आपण? आपण काय खायचं?"

"टीव्हीची भोकं," तो म्हणाला. विनोद नव्हता तो. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला बघायचंय. तिने काय केलं ते मला बघायचंय."

मी त्याचा हात धरला. जोरात धरला, बांगड्या रुतल्या. आणि त्याने हात सोडवून घेतला नाही, फक्त थांबला. तो तसा कितीही वेळ थांबला असता. मी धरून ठेवलं असतं तर मशीन वाचलं असतं आणि हा माणूस जन्मभर त्या न वाचलेल्या ओळींकडे बघत बसला असता, ते मला दिसत होतं. ते मला नको होतं. वाचू दे, काय ते एकदाचं वाचू दे आणि संपू दे, असं म्हणून मी सोडलं.

त्याने केबल लावली. मशीनचा दिवा लुकलुकला. पडद्यावर ओळी भराभर वर सरकू लागल्या आणि तो त्यांच्याकडे असा झुकला, जणू पलीकडून कोणी कानात सांगतंय. मग ओळी थांबल्या. दिवा स्थिर झाला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

मी म्हणाले, "झालं समाधान? काय म्हणते बाईसाहेब?"

"ही ती नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय. तो अख्खा भाग उपटून टाकलाय आणि वर झाकण ठोकलंय. उलटीकडून तपासणी नाही, काही नाही. ती असती तर असं केलं नसतं." त्याने चष्मा काढला. "ती गेली तिथून."

पुढे ग्रुपवर ती बातमी आलीच. तिने कंपनी सोडली होती, याचं पत्र पोचायच्याही आधी. पण त्या क्षणी त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या ओळीवरून कळलं होतं. आणि तो तिथे असा बसला होता, जसा घरातलं कोणी गेल्यावर माणूस बसतो.

सवत गेली. मला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. पण त्याच्याकडे बघून माझा जळफळाट होता त्याच्या दुप्पट झाला. ती आहे यावर मी इतकी वर्षं जळले. आता ती नाही हे याला ज्या पद्धतीने कळलं, त्यावर जळत होते.

"एक विचारू?" मी म्हणाले. "मी गेले तर कळेल का रे तुला? कोणी न सांगता?"

त्याने खरंच विचार केला. चेहऱ्यावर ते दिसतं त्याच्या. म्हणाला, "कळायला तू कधी जायला तर हवीस."

मी उठले. माझ्या टेबलावरचा दिवा, कांडी, पंखा, सगळं बंद केलं, चपला घातल्या आणि जिना उतरून खाली आले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. शेवटच्या पायरीवर बसले. इस्त्रीवाला शर्ट घेऊन उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्याने बाह्या केल्या. पाठ केली. कॉलर केली. घडी घातली, आणि दुसरा शर्ट उचलला, तेव्हा वर पावलं वाजली.

नवरा अनवाणी उतरला. चष्मा वरच राहिला होता, त्यामुळे भिंतीला हात लावत उतरला.

"पंखा बंद झाला," तो म्हणाला.

"मग?"

"म्हणून आलो."

"म्हणजे पंख्यासाठी आलास."

"नाही. म्हणजे हो." तो माझ्या वरच्या पायरीवर बसला. "तो आवाज सुरू असला की तू तिथे असतेस. थांबला, तर समोरचं काही वाचताच येईना मला. आधी वाटलं वीज गेली."

"वीज?"

"मग पाहिलं, पडदा तर चालू होता."

मी हिशेब केला. ती एका ओळीत कळली. मी गेलेली कळायला एक अख्खा शर्ट लागला, आणि मधे वीज येऊन गेली. हे मी त्याला सांगितलं, शर्टासकट सांगितलं. तो इस्त्रीवाल्याकडे बघत राहिला, चष्मा नसल्यामुळे त्याला तिथे फक्त वाफ दिसत असणार.

"चल वर," तो म्हणाला. "काम पडलंय तुझं."

"माझं काम कुठलं ते तरी सांग."

"टीव्हीचं भोक. पाच टाके झालेत तुझे, डावीकडचे. उजवीकडचे राहिलेत. तू नेहमी डावीकडून सुरू करतेस."

हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. मला रडू येणार होतं आणि ते त्याला दाखवायची माझी अजिबात इच्छा नव्हती, चष्मा नसला तरी.

"तू बस इथे," मी म्हणाले, आणि त्याला पायरीवर ठेवून वर गेले. टेबलाशी बसले, कांडी तापत ठेवली. पंखा लावला नाही. खाली तो आवाजाची वाट बघत असेल, तर बघू दे थोडा वेळ.